त्यांच्या पायाखालचा ब्रेक

६ फेब्रुवारी

किराणा लिहायला वही उघडली होती. किराणा उद्या. आज रागात आकडे नीट येणार नाहीत.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी यांना विचारलं, "डाव्या डोळ्यापुढे हे काळं कधीपासून येतंय?" हे जमिनीकडे बघत म्हणाले, "झाले असतील पाचेक महिने." मी शेजारच्याच खुर्चीवर बसले होते. पाच महिने हा माणूस माझ्याकडून विजेचं बिल वाचून घेत होता, चष्मा सापडत नाही म्हणून. आणि मी बावळट, चष्मा शोधायला पलंगाखाली वाकत होते. चष्मा खिशात असायचा, आता कबूल करतात.

आणि रोज सकाळी स्कूटर काढून तळ्यापलीकडे कचेरीत जायचे ते वेगळंच. मी जिन्यातून हात करायची. त्यांना तो हात दिसतही नसेल.

डॉक्टर म्हणाले, डाव्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्त उतरलंय, इंजेक्शनं देऊन बघू, नजर परत येईल किंवा येणारही नाही. उजवा कमजोर आहे पण तेवढ्यावर निभेल. वाहन चालवणं आजपासून बंद. यांनी विचारलं, "नोकरी?" हे पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींचा फोन घेतात. डॉक्टर म्हणाले, "त्याला कान लागतात. नोकरी करा की."

करा की. कचेरी गेल्या वर्षी गावाबाहेर नेली, तिथे बस जात नाही. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ मार्चअखेरपर्यंत आपल्या गाडीतून नेतो म्हणालेत, पुढे त्यांची बदली आहे. पेन्शनला अजून चार वर्षं. आता घरी बसले तर निम्मी मिळेल, आणि हे खिडकीत बसून संपून जातील ते वेगळं.

घरी येऊन दिवा लावला आणि देवाला बोलले: यांचा डोळा परत येईपर्यंत मला जे जे आवडतं ते मी सोडलं. साखर सोडली, रेडिओवरची गाणी सोडली, दुपारचं आडवं होणं सोडलं. बाकी काही आवडतं का याचा विचार केला, आठवलं नाही. आठवेल तसं सोडीन म्हटलं.

कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की नवसातला अर्थ जातो.

९ फेब्रुवारी

भाऊजी आले होते. धाकटे असून मोठेपणा करायची जुनी सवय. म्हणाले, "दादा, सरळ राजीनामा दे. वहिनी काटकसरी आहेत, निम्म्यात भागवतील."

माझ्या काटकसरीचं कौतुक ऐकायला मला राजीनाम्याचा मुहूर्त लागला.

मी म्हटलं, "मी गाडी शिकते. मी नेऊन सोडीन आणि मी आणीन."

भाऊजी हसले. हसले ते हसले, वर यांच्याकडे बघून म्हणाले, "वहिनी शिलाईचं मशीनसुद्धा आधी हाताने फिरवून बघतात." हे हसले नाहीत. पण "नको" पण म्हणाले नाहीत, "हो" पण म्हणाले नाहीत. पंचवीस वर्षं हेच चाललंय, अडचणीच्या वेळी हा माणूस हवेसारखा होतो, आहे पण धरता येत नाही.

"गाडी कुठली घ्यायची ते मी बघतो," भाऊजी म्हणाले.

"चालवणार मी," मी म्हटलं.

"म्हणूनच तर."

त्यांचा कप मी दोनदा घासला.

१५ फेब्रुवारी

शिकवणी सुरू. सकाळी लवकर, हे जायच्या आधी. शिकवणाऱ्या बाई माझ्यापेक्षा दोनतीन वर्षांनी लहान असतील, केस अगदी कापलेले, आवाज फौजदारासारखा. त्यांची गाडी जुनी, छोटी, बाटलीसारखी गडद हिरवी. शिकणाऱ्यांनी ठोकून ठोकून तिच्या चारही कोपऱ्यांना पोचे आहेत. बाजूच्या सीटपुढे बाईंच्या पायाखाली आणखी एक ब्रेक आणि क्लच आहे. म्हणजे मी चुकले की बाई दाबणार.

आज अकरा-बारा वेळा गाडी बंद पडली. मागचे हॉर्न वाजवत होते. एकाने काच खाली करून विचारलं, "आजी, स्वयंपाक झाला का?" मी पन्नाशीची पण झालेली नाही. बाई म्हणाल्या, "त्याच्याकडे बघू नका, रस्त्याकडे बघा." मी म्हटलं, "मला त्याचा नंबर लिहून घ्यायचाय." त्या म्हणाल्या, "ताई, एवढा राग क्लचवर काढू नका, तो बिचारा काय करील."

घराखाली सोडलं तेव्हा ती गाडी घसा खाकरल्यासारखी घरघरत होती. मी विचारलं, बिघडलीय का. "सायलेन्सर बदललाय, तेव्हापासून अशी बोलते. पोटात काही दुखत नाही तिच्या."

वर आले तर यांनी दार उघडलेलं आणि चहा तयार, साखर घालून. म्हटलं, मला साखर नको, वयाला बरी नाही. हे म्हणाले, "परवापरवापर्यंत दोन चमचे लागायची." मी म्हटलं, "परवापरवापर्यंत तुम्हालाही दिसत होतं."

बोलून गेले. मग चहा तसाच यांना दिला, माझा बिनसाखरेचा केला.

२३ फेब्रुवारी

आता गाडी बंद पडत नाही. गल्लीच्या तोंडाशी उजवीकडे वळताना दुसऱ्या गिअरवरून गाडी कशी आपणहून कुशीवर वळल्यासारखी वळते, ते आज कळलं. बाई म्हणाल्या, "हात चांगला आहे तुमचा." यात हाताचं काही नाही. पीठ मळताना जसं किती पाणी हवं ते कळतं तसं आहे. आवडण्यासारखं यात काहीही नाही, नुसतं जमतंय.

रोज मी वर पोचायच्या आत यांचं दार उघडं आणि चहा तयार. म्हणजे खिडकीत उभे असतात. तिसऱ्या मजल्यावरून एका डोळ्याने काय दिसणार यांना, पण उभे. तेवढ्या वेळात डबा भरून ठेवला असता तर माझे हात मोकळे झाले असते. हे मी बोलून दाखवलं. म्हणाले, "मी खिडकीत नसतो गं." मग काय, दारामागे उभे असतात? विचारत बसले नाही, उशीर होत होता.

१ मार्च

शोरूममध्ये गेलो. भाऊजी आधीच पोचले होते, कोपराने गाडीच्या टपाला टेकून, जणू त्यांच्याच घरची.

विकणारा मुलगा टायवाला. टायवाल्याने यांना काका केलं, भाऊजींना सर केलं आणि मला काकू करून मागचं दार उघडलं. "काकू, मागे बसून बघा, पाय किती मोकळे राहतात."

मी म्हटलं, "मला पुढे बसायचंय. मी चालवणार."

"हो हो," म्हणाला, आणि किल्ली यांच्या हातात दिली.

यांनी किल्ली घेतली. उभे राहिले किल्ली धरून. मला वाटलं जमीन दुभंगून मी तरी आत जावं नाहीतर तो टायवाला तरी. मी यांच्या हातातून किल्ली काढून घेतली. जोरात काढली असेन, त्यांचं बोट खरचटलं.

गाडी पांढरी, मोठी, आपोआप गिअर बदलणारी. मी रस्त्यावर एक फेरी मारली. ती गाडी चालवत नाही माणूस, तिच्यात बसून राहतो. गिरणीत दळण टाकून बाकावर बसावं तसं. पायाला काम नाही, हाताला काम नाही, आवाज नाही. टायवाला मागून म्हणत होता, "लेडीजना हीच सोपी पडते." भाऊजी म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

हे मात्र बाहेरच उभे होते. परत आलो तर गाडीच्या दारावरून हात फिरवत विचारलं, "ही पांढरीच ना? अगदी पांढरी?" टायवाला म्हणाला, "काका, राखाडी पण येते, गडद निळी येते, फार चालते सध्या." हे म्हणाले, "नको. पांढरीच."

एवढी मोठी वस्तू घ्यायची आणि या माणसाला फक्त रंगाची पडलीय. ब्रेक विचारला नाही, पेट्रोल किती पिते विचारलं नाही. मळते किती पांढरी गाडी, धुणार कोण?

८ मार्च

आज बाईंनी तळ्याच्या रस्त्यावर नेलं. गावातला रस्ता जवळचा, पण पुढे कधी तो बंद असला तर हा लांबचा येत असावा म्हणाल्या. तळ्याच्या कडेने चढ आहे, वळणं आहेत, सकाळी गर्दी नसते.

चढावर तिसऱ्यावरून दुसरा टाकायचा. टाकला की गाडीचा आवाज एकदम खाली उतरतो, छातीत ऐकू येतो, आणि ती ओढ घेते. वळण संपायच्या आत पाय द्यायचा. पुढचं वळण. काच खाली होती. एका वळणानंतर सगळं तळं एकदम समोर येतं. बाईंचा पाय त्यांच्या ब्रेकवर नव्हताच, त्यांनी मांडी घातली होती सीटवर.

परत येताना त्यांनी विचारलं, "कुठलं गाणं आहे हे?"

"कुठलं?"

"तुम्ही मघापासून गुणगुणताय ते."

मी गाणं तिथेच तोडलं. काच वर केली. उतरताना बाई म्हणाल्या, "ताई, रोज जाऊन-येऊन दोन तास गाडीत काढणार तुम्ही. चार वर्षं. मजा येईल अशी गाडी घ्या. नाहीतर एक दिवस किल्ली फेकून द्याल."

मजा. या शब्दाची मला इतकी चीड आली. नवऱ्याचा डोळा गेलाय आणि ही बाई मला मजा शिकवतेय. मी म्हटलं, "मी मजेसाठी शिकत नाहीये." म्हणाल्या, "ते दिसतंच आहे. म्हणून तर सांगतेय."

आणि मग कळलं त्या कशाला गोड बोलत होत्या. पुढच्या महिन्यात त्या शिकवणीसाठी नवी गाडी घेतायत, ही हिरवी विकायचीय. "क्लच नवा टाकलाय, इंजिन मी स्वतः सांभाळलंय. तुमचा हात बसलाय हिच्यावर." म्हणजे दुसऱ्यांनी आपटून झालेली गाडी माझ्या गळ्यात मारायची, आणि वर हात चांगला म्हणायचं.

९ मार्च

झालंच. आज डॉक्टरांनी तपासलं, डाव्या डोळ्यातला दाब वाढलाय. आठवड्यापूर्वी उतरत होता.

काल मी गाणं म्हटलं. आज दाब वाढला. यात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. देवाने हिशोब इतका चोख ठेवला की मलाच लाज वाटली, मी एवढा चोख ठेवत नाही.

देवापुढे बसून म्हटलं, चूक झाली, पुन्हा होणार नाही. आणि ठरवून टाकलं. पांढरी घ्यायची. ती मला मुळीच आवडत नाही, त्यामुळे तिच्यात नवस मोडायची भीती नाही. रोज दोन तास नावडतं करायचं म्हणजे उलट नवसात भरच पडेल.

दुपारी जाऊन बुकिंगचे पैसे भरले. टायवाला म्हणाला, "काकू, उत्तम निवड." मी म्हटलं, "पावती दे."

हे खूश झाले. भाऊजी खूश झाले. घरात सगळे इतके खूश की मी भांडी आपटत होते ते कुणाला ऐकूच गेलं नाही.

१४ मार्च

शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ यांना सोडायला वर आले आणि चहा पिता पिता हसून सांगू लागले, "वहिनी, आज तर कमाल झाली. साहेब संध्याकाळी खाली आले आणि माझ्या गाडीऐवजी भलत्याच राखाडी गाडीत जाऊन बसले. तिच्यात एक बाई बसल्या होत्या. सगळं ऑफिस हसत होतं."

हेही हसले. हसायला काय झालं होतं? एवढा धांदरटपणा या वयात. ते गृहस्थ गेल्यावर मी यांना चांगलं सुनावलं, की तुमचं लक्ष कुठे असतं, लोक मला येऊन सांगतात. हे म्हणाले, "पांढरी आली की नाही होणार असं."

परत तोच रंग. मी दिवा न लावता झोपले असते, पण लावला.

२० मार्च

डॉक्टरांनी आज सांगितलं. डावा डोळा परत येणार नाही. इंजेक्शनं बंद. आता उजवा जपायचा.

सांगून झाल्यावर ते पुढचा कागद बघायला लागले. त्यांचाही इलाज नाही. बाहेर आणखी माणसं बसलेली होती.

रिक्षात हे म्हणाले, "चला, सुटलो त्या सुयांतून." असं म्हणून बाहेर बघत बसले. ज्या बाजूला बघत होते ती डावी होती.

२१ मार्च

देवाशी आज भांडले. लिहून ठेवते, म्हणजे उद्या मी नाही म्हणायची नाही.

मी म्हटलं, तू तुझं दिलं नाहीस. मी माझं दिलं, रोज दिलं, साखरेच्या डब्याचं झाकणसुद्धा नाक वळवून उघडलं. एक दिवस एक गाणं नाकातून निघालं तर तू दाब वाढवलास. मग बाकीचे दिवस कुठे मोजलेस? आता डोळा परत यायचा नाही म्हणजे माझा नवस मरेपर्यंत चालायचा. मी बोलताना म्हटलं होतं "परत येईपर्यंत". हे तुला ठाऊक होतं, तू तेव्हाच मला थांबवायला हवं होतंस. किराणावालासुद्धा माल येणार नसेल तर पैसे परत करतो.

दिवा लावला. तो लावणं माझं काम. पण बोलणं बंद. त्याने बोलावं आधी.

२२ मार्च

शिकवणीला गेले. परवान्याची परीक्षा तीन दिवसांवर. यांना म्हटलं, आज तुम्हीपण चला, कचेरीचा रस्ता आणि तिथलं आवार मला बघून ठेवायचंय. सुट्टीचा दिवस होता. बाई मागे बसल्या, हे बाजूच्या सीटवर.

पहिल्याच वळणाला गाडी कच्चकन थांबली. मी पाय दिला नव्हता. यांनी दाबला, तो दुसरा ब्रेक. म्हणाले, "समोर काहीतरी आलं." समोर झाडाची सावली होती. पुढच्या वळणाला परत. त्यापुढच्याला परत. मागचा टेम्पोवाला शिव्या देऊन गेला.

मी गाडी कडेला घेतली. म्हटलं, "पाय वर घ्या."

"अगं, आपोआप जातो."

"पाच महिने तुम्ही एका डोळ्याने स्कूटर चालवलीत. मी एका शब्दाने अडवलं नाही, कारण मला माहीतच नव्हतं. आता मी दोन डोळ्यांनी चालवतेय तर तुम्ही पावलोपावली मला थांबवणार?"

बाई मागून म्हणाल्या, "मी खाली उतरून चहा पिऊन येते," आणि खरंच उतरल्या.

हे पाय वर घेत म्हणाले, "मला तुझ्या चालवण्याची भीती नाही वाटत. मला सगळं सपाट दिसतं आता. लांब काय, जवळ काय, कळत नाही. सावली अंगावर येते."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनीही नाही. मी विचारलंही नव्हतं, बोलतच होते नुसती.

"आणि पांढरी?" मी विचारलं. "पांढऱ्याचं काय वेड घेतलंय?"

म्हणाले, "पांढरी लांबून दिसते. कचेरीतून खाली उतरलो की गाड्या नुसत्या मातीच्या ढिगासारख्या दिसतात. त्या दिवशी त्या परक्या बाईंच्या गाडीत बसलो, लोक हसले. तुझ्यासमोर तरी तसं व्हायला नको होतं. तू गाडीत बसलेली असायचीस आणि मी शोधत फिरायचो."

मला संताप आला. त्यांचा नव्हे. कुणाचा ते सांगता येणार नाही, पण इतका आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि मला रडताना बघून हे आणखी घाबरतील म्हणून मी खिडकीबाहेर तोंड केलं. मग आठवलं, माझी बाजू म्हणजे त्यांची उजवी, दिसलंच असणार.

बाई आल्यावर कचेरीच्या आवारात गेलो. सुट्टी असूनही दहा-पंधरा गाड्या होत्या. मी मोजल्या नाहीत, पण निम्म्याहून जास्त पांढऱ्या होत्या. मी यांना विचारलं, "आता सांगा, यातली आपली कुठली असती?" हे हसले. आज पहिल्यांदा खरं हसले. "हे माझ्या डोक्यातच आलं नाही बघ," म्हणाले.

२३ मार्च

सकाळी बाईंनी खाली सोडलं. वर आले, दार उघडं, चहा तयार. मी विचारलं, "खिडकीत नसता म्हणता, मग कळतं कसं?"

"तुझी गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की ऐकू येते. तशी दुसरी नाही या भागात. दुसऱ्या गिअरवर आलीस की गॅस पेटवतो, बंद केलीस की गाळतो."

हा माणूस दिवसभर फोन कानाला लावून बसतो. नुसत्या मागच्या आवाजावरून सांगतो, बाई, पाणी आलंय, तुमचा पंपच हवा ओढतोय. लोक थक्क होतात. मी कधी झाले नव्हते. मी म्हणायची, घरातला नळ गळतोय तो नाही ऐकू येत.

शोरूमला गेले. टायवाला म्हणाला, "काकू, बुकिंग रद्द केलं तर थोडे पैसे कापले जातील. काकांना विचारलंत का?" मी म्हटलं, "काकांना विचारून बुकिंग केलं नव्हतं, विचारून रद्दही करत नाही. काप." पैसे कापले गेले त्याचं दुःख झालं. खोटं कशाला लिहू, फार झालं. त्या पैशांत चार महिन्यांचं तेल आलं असतं.

मग बाईंकडे. हिरवी घेते म्हटलं. पण एक अट. बाजूच्या सीटपुढचा ब्रेक आणि क्लच काढून द्यायचे, मुळापासून.

बाई म्हणाल्या, "काढीन. पण साहेब तयार आहेत का?"

"त्यांनाच सांगते आता घरी जाऊन."

"म्हणजे विचारत नाही, सांगता."

"पाच महिने त्यांनी मला सांगितलंही नव्हतं."

भाऊजींचा संध्याकाळी फोन. "वहिनी, शिकवणीची ठोकलेली गाडी? डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, "ती मला आवडते, भाऊजी." हा शब्द तोंडातून बाहेर पडला आणि मी देवाच्या कोपऱ्याकडे बघितलं. दिवा शांत जळत होता. काही झालं नाही. पुढे म्हटलं, "चालवायला मजा येते." तरीही काही झालं नाही. भाऊजींनी फोन ठेवला तेवढं झालं.

२५ मार्च

परीक्षा पास. परीक्षा घेणारा साहेब म्हणाला, चढावर गाडी थांबवून दाखवा, जरासुद्धा मागे यायला नको. आली नाही. त्याने वर बघितलंसुद्धा नाही, शिक्का मारला. एवढ्या खटपटीचं एवढंसं काम.

१ एप्रिल

आज पहिला दिवस. सकाळी गर्दीत गेलो, जवळच्या रस्त्याने. मी घामाने भिजले, तोंडातून नको ते शब्द गेले, यांनी न ऐकल्यासारखं केलं. कान इतके चांगले असून. चौकात एक ट्रक आडवा घुसला तेव्हा यांचा पाय जोरात पुढे गेला. तिथे आता नुसती रबरी चटई आहे.

"तिथे काही नाही आता," मी म्हटलं.

"माहीत आहे. पायाला अजून कळायचंय."

संध्याकाळी न्यायला गेले. आवार भरलेलं. पांढऱ्या, राखाडी, काळ्या, एकमेकींना चिकटून. मला कडेला, शेवटच्या रांगेत जागा मिळाली. माणसं पायऱ्या उतरू लागली. हॉर्न सगळेच वाजवत होते, कुणाचा कुठला कळणं शक्य नव्हतं. मग हे दिसले. पिशवी छातीशी धरून शेवटच्या पायरीवर थांबले. पुढे येईनात. शेजारून जाणारे त्यांना धक्का देऊन जात होते. एकाने वळून बघितलं आणि दुसऱ्याला काहीतरी म्हटलं, ते दोघे हसले. मला वाटलं उतरावं आणि त्या दोघांना गाडीखाली घ्यावं.

उतरले नाही. गिअर मोकळा केला आणि एकदाच पाय दिला.

हिरवी बोलली. सगळ्या आवारात घुमली. ते दोघे दचकले. यांनी मान वळवली, अगदी माझ्या दिशेने, आणि पायरी उतरले. गाड्यांमधून चालत आले, सरळ, कुणाच्या बॉनेटला हात न लावता, जणू फोनवर कुणी पत्ता सांगतंय आणि हे ऐकत ऐकत येतायत. दार उघडून बसले. म्हणाले, "थांबायला लागलं का तुला?"

मी म्हटलं, "नाही." आणि गाडी रांगेतून काढली.

फाटकाबाहेर पडल्यावर गावाकडे वळायचं ते मी तळ्याकडे वळवली.

"हा लांबचा ना?" हे म्हणाले.

"हो."

"पेट्रोल जास्त जाईल."

"ते मी बघीन."

चढावर दुसरा टाकला. यांनी डोळे मिटून घेतले होते. घाबरून मिटले असतील असं वाटलं, पण पाय सैल होते. एका वळणाला म्हणाले, "आता तळं आलं." मी विचारलं, कसं कळलं. "आवाज एका बाजूने मोकळा झाला."

बाकी राहिलेला रस्ता मी गुणगुणत होते, हे त्यांनी सांगितल्यावर कळलं. या वेळी थांबले नाही.

घरी आल्यावर दिवा लावला. बोलणं अजून बंदच आहे. राग गेलेला नाही, जाईल असं वाटतही नाही, डोळा गेला तो गेला. यांनी चहा ठेवला आणि सवयीने विचारलं, "तुला साखर नकोच ना?"

"दोन चमचे," मी म्हटलं.

कप घेऊन देवासमोर बसले आणि सगळा चहा तिथेच प्यायले. बघू दे त्याला.